दारावरचा आकडा

सोमवार, १२ ऑक्टोबर
सकाळचे साडेआठ

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व ठीक. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. जावईबापूंची पाठ आता कशी आहे? पाण्याच्या बादल्या उचलायला त्या घरात दुसरं धडधाकट माणूस नाही का, असं मी विचारलंय म्हणून सांग. म्हणजे तू.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. आणि आज जे सांगायचंय त्यात तू मध्ये बोललीस तर मी लगेच विषय बदलीन, मी मला ओळखून आहे. उद्या पुन्हा वादळ येतंय, म्हणून पोस्ट आज बारालाच बंद होणार. तोवर हे लिहून झालं पाहिजे.

नव्या घरात रुळलीस का, असं तू विचारलंयस. घर चांगलं आहे. बैठं, तीन खोल्यांचं. पण सगळं वारा आणि पाणी गृहीत धरून बांधलेलं. विजेची बटणं माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, छपराला लोखंडी पट्ट्या, प्रत्येक खिडकीला पत्र्याची झडप आणि झडपेवर रंगाने नंबर. तीनची झडप चारला बसत नाही, तुझ्या दादाने एकदा हट्टाने बसवून पाहिली आणि बोट चेंगरून घेतलं. कपाटं, फ्रीज विटांवर. माझं शिलाई मशीनही त्याने विटांवर चढवलं. मशीन आता सुरक्षित आहे, पण शिवायचं तर मलाही विटांवर बसावं लागेल. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवणारी बाई मशीनवर रोज नुसतं फडकं फिरवते.

भीती वाटते, बेबी. साधी झुळूक आली तरी कुठला तरी पत्रा वाजतो आणि मी उठून झडपा मोजते. सात आहेत. सातच भरतात, तरी पुन्हा मोजते. सकाळपासून रेडिओवरची ती बाई वाऱ्याचा वेग सांगतेय, इतक्या शांत आवाजात की तिला दोन थपडा माराव्याशा वाटतात.

पण ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवू?

तीन आठवड्यांपूर्वीच्या वादळात मी घरात एकटी मागे राहिले, ते तुला कळलं. कसं राहिले ते मात्र तुला चुकीचं कळलंय, आणि मी ते तसंच राहू दिलं.

इथे पाणी चढणार अशी सूचना आली की प्रत्येक घराच्या दारावर तेलकट खडूने आकडा लिहायचा असतो, आत माणसं किती ते. सुटकेचे ट्रक येतात, दारावरचा आकडा बघतात, तेवढी डोकी मोजून घेतात, आकड्यावर काट मारतात आणि पुढचं दार गाठतात. त्या गडबडीत घरात शिरून शोधायला कोणाला वेळ नसतो. खडू वॉर्ड ऑफिसातून मिळतो, नारिंगी रंगाचा.

त्या दिवशी दुपारी आमच्या दारावर तीन लिहिलेलं होतं. घरात आम्ही चौघं. दादा, वहिनी, त्यांची ठमी आणि मी.

ट्रक आला तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं. म्हाताऱ्या माणसांना आधीच्या ट्रकने नेत होते. वहिनीने ओरडून विचारलं, "आमच्या आजी बसल्या का?" कोणीतरी म्हणालं, "बसल्या, बसल्या." बसल्या होत्या त्या शेजारच्या प्लंबरच्या आई. मी मागच्या खोलीत गाठोडं बांधत होते. दादाने हाक मारली ती मी ऐकली, मी ओ दिली ती वाऱ्यात गेली. बाहेर येऊन बघते तो दारावरच्या आकड्यावर काट, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

दीड तास मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून होते. पाणी ओट्याच्या कडेला लागलं होतं आणि चमचे, डबे, ठमीची चप्पल असं सगळं माझ्यापुढून फिरत होतं. मरणाची भीती म्हणतात ती काय ते तेव्हा कळलं. बाकीचं सगळं त्यापुढे नाटक असतं.

ट्रक माणसं नेऊन सोडतात त्या शाळेच्या हॉलमध्ये मी नाही हे कळल्यावर वहिनीने आकांत मांडला. तिथला माणूस वही दाखवत म्हणाला, "बाई, तुमच्या दारावर तीन होते, तीन आले. ट्रक परत नाही जाणार." तुझा दादा त्याच्याशी हुज्जत घालत राहिला. वहिनी प्लंबरला घेऊन चालत निघाली. छातीएवढ्या पाण्यातून. वाटेत पत्र्याने तळपाय कापला, चार टाके पडले, अजून लंगडते. स्वयंपाकघरात शिरली, मला बघितलं आणि ओरडली, "तुम्ही खाली पाय का सोडलेत, वर घ्या आधी!" रडली नंतर.

हॉलमध्ये दादाने सगळ्यांदेखत तिला विचारलं, "आकडा लिहायला तुला सांगितलं होतं ना?" तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हो. माझं चुकलं." आसपासच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सासूला मोजायची विसरली! मी टॉवेलने केस पुसत होते. मूग गिळून पुसत राहिले.

आणि तुझा फोन आला तेव्हा मी काय म्हणाले, आठवतं? "जाऊ दे गं, विसरली असेल बिचारी."

तू मग तिला विचारलंस, माझी आई म्हणजे काय सामान आहे, न्यायचं राहिलं म्हणायला? हे ती मला बोलली नाही. ठमीने सांगितलं, स्पीकर चालू होता.

तो आकडा मी लिहिला होता, बेबी. दादाने तिला सांगितलं होतं, पण ती पाणी भरत होती. मीच म्हटलं, "दे खडू, मी लिहिते." आणि तीन लिहिलं. समजून उमजून लिहिलं.

कारण ऐकशील तर हसशील. दाराशी खुंट्यांवर निघण्याच्या तीन पिशव्या टांगल्या होत्या. वहिनी मला म्हणाली, "आई, तुमचं माझ्याच पिशवीत घातलंय." मला वाटलं, झालं, या घरात आपली पिशवीसुद्धा नाही. तूही त्याच आठवड्यात लिहिलं होतंस की दिवाणखान्यात माझी सोय करतेस. म्हटलं, आपण पाहुण्याच. बघू तरी, आपण नसलो तर कोणाच्या लक्षात येतं का! साठी उलटलेली बाई मी, आणि डोकं ठमीएवढं. पाणी खरंच चढेल असं मनात आलं नव्हतं. त्या पिशवीत माझा चष्मा, गोळ्या, माझा जाड स्वेटर, सगळं होतं. मला ओझं नको म्हणून तिने घेतलं होतं.

साडेदहा

मध्येच उठावं लागलं. पाच नंबरची झडप लावायला मदत हवी होती.

हे आज का लिहितेय ते सांगते. गेले तीन आठवडे तुझी वहिनी मला विचित्र प्रश्न विचारते. आज वार कोणता? काल रात्री काय जेवलो? काडेपेटी लपवून ठेवते. मला आधी चीड आली, मग परवा तिच्या फोनवर डॉक्टरांचा निरोप वाजला, "सासूबाईंच्या विसरण्याबद्दल बोलायचंय ना, गुरुवारी या." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिला वाटतंय माझी बुद्धी चाललीय. स्वतःला मोजायलाच मी विसरले, असं तिला वाटतंय. म्हणून तिने दोष अंगावर घेतला. दादालाही सांगितलं नाही. त्याच्यापुढे, तुझ्यापुढे माझी शोभा होऊ नये म्हणून.

तिला सांगायला हवं. वारा आत्ताच सुटला आहे.

अकरा वाजून वीस

सांगितलं.

ती पायरीवर बसून पायाची पट्टी बदलत होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोलले. पिशव्या, तुझं पत्र, सगळं. ती पट्टी गुंडाळत राहिली. गाठ मारली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्हाला सगळं आठवतं."

"सगळं," मी म्हटलं.

"विसरला असतात तर बरं झालं असतं, आई."

एवढंच. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, तो सराव आहे मला. ती उठली, लंगडत आत गेली, डॉक्टरांना फोन करून गुरुवारची वेळ रद्द केली. मग बाहेर येऊन खडू माझ्या हातात दिला आणि माझ्या मागे उभी राहिली. बघत. मी चार लिहिला, त्याची शेपटी पार चौकटीपर्यंत गेली. ती म्हणाली, "नीट दिसतोय. राहू दे." खुंटीवर आज चार पिशव्या आहेत, चौथी तिने कधी शिवली मला माहीत नाही. विटांवरच्या मशीनवर, उभ्याने शिवली असणार, टाके वाकडे आहेत. उसवून पुन्हा घालावेत असं हाताला वाटलं. पण नाही हात लावला.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. कधी बोलेल ठाऊक नाही. मला माफ केलंय असं तिच्या तोंडावर काही दिसत नाही, आणि मला ते मागण्याचं तोंड नाही.

तू मला न्यायला येऊ नकोस. दिवाणखान्यात जावईबापूंना आडवं होऊ दे. पत्र मिळेल तेव्हा वादळ होऊन गेलेलं असेल, आमचं काय झालं ते तुला आधीच कळलेलं असेल. फोन लागत असला तर पहिला फोन वहिनीला कर, मला नको. तिची माफी माग, माझी बाजू घेऊन एक शब्द बोलू नकोस. आमचा फोन लागत नसला, तर वॉर्ड ऑफिसला फोन करून आमच्या दाराची चौकशी कर. दारावर चार आहेत. कोणी तीन म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस.

पोस्टाला जायला हवं. ठमी छत्री घेऊन उभी आहे, छत्रीचा काही उपयोग नाही हे तिला कोण सांगणार!

चौघांतली एक,
तुझी आई