रक्ताची डिग्री

चि. राजनंदिनीस, कुरुंदवाडहून तुझ्या आज्जीचा पोटभर आशीर्वाद. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील (नसशीलच). म्हस बरी हाय, आकारामकाका बरा हाय, आणि मी तर लई झक्कास, कारण माझ्या अंगात आता परक्याचं रक्त खेळतंय.

घाबरू नको. अंगात रक्त कमी पडलं म्हणून काकानं मला कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. तिथं पिशवीतलं रक्त चढवणार म्हणाले, ते पण फ्रीजमधलं! मी फ्रीजमधली आमटी खात न्हाय, तुला ठाऊक हाय. आणि डेअरीत दूध घालताना डोळ्यादेखत फॅट लावून घेतल्याबिगर मी कधी हललीय काय? म्हणून काकाला दुधाची डिग्री बघायची काचेची नळी आणायला लावली. (त्यानं ती भाकरीच्या फडक्यात लपवलेली.) नर्सबाईंनी धरलीच. हे काय दूध हाय काय, म्हणून खेकसल्या. मी म्हटलं, दुधापेक्षा मोलाचं हाय, मग जास्त बघा की!

शेवटी माझी समजूत काढायला रक्तपेढीतला सम्मेद आला. रक्त देणाऱ्याला कावीळ-बिवीळ न्हाय ना, ते आधीच तपासत्यात म्हणाला. मग त्या देणाऱ्याचं नि माझं रक्त थोडं मिसळून दोघं भांडत न्हाईत ना, ते बघत्यात. (आम्हा जावाजावांना एका चुलीपुढं बसवायच्या आधी कुणी असं बघितलं असतं तर!) मग त्यानं पिशवी उजेडाला धरली, हळूच हलवली, गुठळी न्हाय ना बघितलं, तारीख वाचली. आणि पोरी, मला एकदम तू दिसलीस. नागपूरला तू रक्त तपासतीस म्हंजे काय करतीस, ते इतकी वर्षं मला कळलंच नव्हतं. तू पण तिकडं कुणाच्यातरी आज्जीची पिशवी अशीच उजेडाला धरत असशील. त्या आज्जीचा लई हेवा वाटला बघ. थेंब थेंब पडत होता, आणि मी तुझं नाव घेत पडून होते.

पुढच्या आठवड्यात अजून एक पिशवी लागणार हाय. ती तूच येऊन तपास. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाय.

तुझी आज्जी,
धोंडुबाई

ता.क. दुसरी पिशवी लागणार न्हाय म्हणालेत डॉक्टर. वर खोटं लिवलंय, पण खोडायला गेलं तर कागद फाटंल. सम्मेद पण लई काळजीनं बघतो. तवा काम सोडून येऊ नको.

आणखी एक ता.क. साठवलेल्या रक्ताची तारीख उलटली की टाकून देत्यात म्हणं. मला तू गेल्या दिवाळीपासून हितं साठवून ठेवलीयास. तेवढी माझी तारीख येऊन बघ.