खुनाचं पारायण

रामघाट, काशी

चि. सौ. पद्मास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही एरवी एकमेकांशी भांडतात, पण घाटाच्या पायऱ्या दिसल्या की माझ्याविरुद्ध एक होतात. बाकी गंगामाई आणि आम्ही सर्व ठीक.

पत्राचं कारण असं, की गेल्या महिन्यात आपली अवनी मला दशाश्वमेधाजवळच्या गल्लीतल्या एका पुस्तकांच्या दुकानात घेऊन गेली. (नात गोड आहे, पण मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. माझ्या वरणालाही दाल म्हणते.) दुकान देवघराहून चार बोटं मोठं. लोक विकत न घेताच वाचत बसलेले, आणि मालक दिनानाथजी त्यांना उठवायचं सोडून चहा विचारतात. मी सवयीनं चपला बाहेर काढल्या नि हात धुवायला पाणी मागितलं. त्यांनी पेल्यातून प्यायला दिलं. मी त्यातच भागवलं.

मराठी पुस्तकं अगदी खालच्या फळीवर, भुईला टेकलेली. सरस्वतीला कुणी पायाशी ठेवतं का, म्हणून रागावले, तर दिनानाथजी ओशाळून म्हणाले की मराठी कुणी मागतच नाही, येत्या सोमवारी ती फळी परीक्षेच्या गाइडांना देणार. त्या पुस्तकांचा निरोप घ्यावा म्हणून एक उघडलं गं. आता तुला ठाऊकच आहे, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही; अक्षरं शिकले ती पोथीवरून. पोथी मोठ्यानं वाचायची, आणि अध्याय धरला की संपेतो उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. दुसरं वाचन मला येतच नाही. मांडी घातली नि खणखणीत सुरुवात केली. निघाला पहिल्याच पानावर एका वकिलाचा खून.

अवनी पदर ओढू लागली, तिला डोळ्यांनी दटावलं. दिनानाथजी काही विचारायला आले, त्यांना हातानं थांबवलं. हळूहळू मंडळी जवळ सरकली. नागपूरहून बदलीवर आलेले बँकेतले विश्वेश बाकीच्यांना हिंदी करून सांगू लागले. (पुस्तकात नुसती सुरी होती, त्यांनी बंदूकही घातली. मला बोलायची चोरी, काय करणार?) अध्याय संपताच मी पुस्तक कपाळाला लावलं नि पिशवीतली खडीसाखर वाटली. सगळ्यांनी उजवा हात पुढे केला. खुनाचा प्रसाद काशीत पहिल्यांदाच वाटला गेला असेल.

दिनानाथजी साखर गालात धरून म्हणाले, "लेकिन माताजी, मारा किसने?"

"उद्या," मी म्हटलं.

तेव्हापासून रोज एक अध्याय. खुनी सापडेपर्यंत फळी हलणार नाही, हा त्यांचा शब्द. म्हणून मी मुद्दाम रेंगाळत वाचते. विश्वेश म्हणतात, "आजी, या वेगानं खुनी म्हातारपणानंच मरायचा." मरेना का.

घरच्या सगळ्यांना जवळ घेऊन विचारलंय म्हणून सांग.

तुझी शरदिनीताई

ता. क. पुस्तक संपत आलंय. तिकडून जाडजूड पुस्तकं पाठव, खुनी अगदी शेवटी सापडणारी. फळी वाचली पाहिजे.

ता. क. दुसरा. आज पुस्तक फळीवर नव्हतं. दिनानाथजींनी विश्वेशांवर संशय घेतला, दुकान पालथं घातलं. मी घरी आले तर पुस्तक अवनीच्या उशीखाली. पोरीनं शेवटपर्यंत वाचलंय, मराठीत, एकटीनं. खुनी कोण विचारलं तर म्हणते, "तूच वाच की, आजी." (मराठीत म्हणाली.) तेव्हा फळीचं राहू दे, प्रत्येक पुस्तकाच्या दोन-दोन प्रती पाठव.