घशाला सुट्टी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा सध्या अर्धाच, उरलेला मागाहून). तुझे गुडघे, भावोजींचा पारा आणि तुमची मांजर ठिकाणावर असतील अशी आशा करतो. आम्ही मजेत आहोत, फक्त मी बोलत नाही.

रुसलेलो नाही. बावीस वर्षं बसस्टँडवर माइकवरून गाड्या पुकारून पुकारून घशात गाठ आली (साधीच, रडायला बसू नकोस) आणि डॉक्टरांनी महिनाभर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हवं ते पाटीवर लिहायचं, असं बजावलं. लहानपणी तू हाच उपाय सुचवायचीस, तोही फुकट. मग साहेबांनी माइक काढून घेतला आणि मला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. ज्याच्या एका शब्दावर अख्खा स्टँड धावायचा, तो आता सतरा छत्र्या आणि एका कवळीची राखण करत होता. मला खरंच रडू आलं.

पण गंमत बघ. छत्री न्यायला आलेला माणूस, मी नुसता मान हलवतोय म्हटल्यावर, खुर्ची ओढून बसतो आणि घरचं सगळं सांगून मोकळा होतो. कवळीवाले आजोबा तर कवळी मिळाल्यावरही रोज येतात. घरीही तेच. तुझी भाची दोन वर्षं माझ्याशी हो-नाहीपलीकडे बोलत नव्हती. मागच्या पंधरवड्यात अचानक म्हणाली, कॉलेज सोडावंसं वाटतंय. एरवी मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं असतं, पण पाटीवर भाषण मावतं कुठे? नुसतं ‘मग?’ लिहिलं. पोरगी तासभर बोलली, रडली, हसली आणि उठताना माझ्या खांद्यावर डोकं टेकून गेली. तेव्हापासून रोज येऊन बसते. ताई, त्या गाठीचे उपकार कसे फेडावेत ते कळत नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा (सध्यापुरता) शहाणा भाऊ

ता. क. : डॉक्टरांनी बोलायची परवानगी देऊन आठवडा झाला. घरात सांगितलेलं नाही. तोंड उघडलं की मी पुन्हा पहिल्यासारखा होईन आणि पोरगी उठून जाईल, याची फार भीती वाटते. तू रविवारी येतेच आहेस, तर सर्वांसमोर मला आणखी महिनाभर गप्प राहायला बजाव. तुझा शब्द कोणी मोडत नाही.

आणखी एक ता. क. : वन्सं, हे मी लिहितेय. पाकीट न चिकटवताच पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय. हे आठवडाभर आंघोळीला गेले की खड्या आवाजात गातात. आम्ही मायलेकी दाराबाहेर उभ्या राहून ऐकतो. काल ती मला म्हणाली, “आई, बाबांना कळू देऊ नकोस हं. माझं अजून बरंच सांगायचं राहिलंय.” तेव्हा एक महिना नको, दोन सांगा.