तुझ्याच खुर्चीत

नागपूर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्राजक्तास,
आईबाबांचे अनेक आशीर्वाद.

युनियनने तुम्हाला फोन बंद ठेवायला सांगितलंय, म्हणून दिल्लीच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने हे पत्र टाकतोय. आनंदाची बातमी ही, की आम्ही विमानात बसलो! मावशीच्या रोशनीच्या लग्नाला वेळेवर पोचलो. विमान वर जाताना आईने माझा हात असा आवळला, की तिच्या बांगड्यांचे वळ अजून दिसतायत. वर म्हणते कशी, मी कुठे घाबरले!

आम्हाला स्वतः घेऊन जायचं म्हणून तू चालवणार होतीस त्याच विमानाची तिकिटं काढलीस आणि नेमका तुमचा संप लागला. मुंबईच्या विमानतळावर पोचेपर्यंत मला धाकधूक होती. पण विमान तयार दिसलं आणि मी आईला म्हणालो, चला, संप मिटला! आपल्या भिवंडीत लूमचा खडखडाट सुरू झाला की संप मिटला समजायचं, तसंच. माझा जन्म लूमवर गेला, मला हे कुणी सांगायला नको.

आणि तुझ्या खुर्चीत कोण असेल? आपले जावईबुवा! उतरताना राकेशराव कॉकपिटच्या दारात उभे होते. सगळ्यांदेखत वाकून माझ्या पाया पडले. साखरपुड्यातल्या कोटापेक्षा युनिफॉर्ममध्ये छान दिसतात. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तू कधी रुजू होतेस ते कळव.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझे,
बाबा


दिल्ली,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र आजच मिळालं. बाबा, संप मिटलेला नाही.

रात्रीच्या ड्युट्या करून करून डोळे मिटतायत, म्हणून कॅप्टन चंद्रामॅडमनी विमान न्यायला नकार दिला. कंपनीने त्यांना काढून टाकलं. संप त्यांच्यासाठी आहे. सभेत राकेशने माझ्या शेजारी बसून हात वर केला होता. मी दिल्लीला धरणं धरायला निघाले तेव्हा म्हणाला, मी गणेशपुरीला घरी जाऊन बसतो, तिथे कंपनीला सापडणार नाही. आणि तो माझ्या खुर्चीत?

संप फोडणारा नक्की कोण, यावर इथे रोज वाद होतो. संप लागला तेव्हा जो हवेत होता त्याने विमान उतरवलं, तर तो फितूर नाही. मॅनेजर पायलट युनियनमध्येच नाहीत, त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरत नाही. पण संपावरच्या माणसाची ड्युटी उचलतो तो फितूरच, यावर एकाचंही दुमत नाही. त्याचं नाव मीच युनियनला कळवायला हवं. कागद पुढे घेऊन बसते आणि हात चालत नाही.

तुम्ही प्रवासी, तुमचा काही दोष नाही. तरी परतीच्या विमानात बसू नका, एवढं ऐका. या माणसाशी मी लग्न करणार होते, बाबा. मला फार भीती वाटतेय.

आईला एकदम सांगू नका. दोघांच्या आशीर्वादाची आज फार गरज आहे.

तुमची,
प्राजू


भिवंडी,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. प्राजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लग्नघरातच वाचलं. ज्या विमानात मिशीला पीळ देत बसलो होतो, ते माझ्या लेकीचा संप मोडून उडालं होतं. मला लाज वाटली. परतीच्या विमानाकडे फिरकलो नाही, रेल्वेने कल्याणला उतरलो. आईला सांगावंच लागलं. सगळा प्रवास ती खिडकीकडे तोंड करून बसली, यावरून काय ते समज.

काल राकेशराव मिठाई घेऊन घरी आले. म्हणाले, बाबा, मी तुमच्यासाठीच गेलो. विमान रद्द झालं असतं तर रोशनीचं लग्न चुकलं असतं, प्राजक्तालाच वाईट वाटलं असतं. याला काय संप फोडणं म्हणायचं?

खरं सांगतो, मी विरघळलो. आईनेही उठून चहा टाकला. आपल्यासाठी केलं म्हटल्यावर माणसावर रागवायचं तरी कसं? मग सहज मनात आलं ते विचारलं. म्हटलं, आम्हाला नागपूरला सोडलंत, मग विमान परत मुंबईला कुणासाठी आणलंत?

चहा अर्धाच ठेवून ते उठले. निघताना ते पाया पडायला वाकले आणि माझे पाय आपोआप मागे गेले. त्यांच्याकडून आलेली साखरपुड्याची साडी आईने घडी घालून वेगळी ठेवली आहे. ती परत करायची की तुझ्या लग्नात नेसायची, हे तू ठरव. तुझ्या शब्दाबाहेर आम्ही जाणार नाही.

पण युनियनला ते नाव कळव. हात चालत नसेल तर खाली साक्षीदार म्हणून माझं नाव घाल. मी त्या विमानात होतो.

तुझ्या पाठीशी असलेले,
बाबा