वीस अंशांची धार

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.
आजपासून तीन आठवडे रजा. मी मागितलेली नाही, ऑफिसने आग्रहाने दिली. कारण काय, तर मी कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन फेकलं म्हणे. फेकलं नाही. टेबलावर ठेवत होतो, टेबल जरा चुकलं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याच्या कपाळाला दोन टाके. दोनच. त्याचा त्याने केवढा इश्यू केला.

ऑफिसने एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, हाताने करायचं, संथ, मन रमेल असं काहीतरी शिका. बागकाम, विणकाम, चित्रकला अशी यादी दिली. मी घरी येता येता ठरवून टाकलं: सुऱ्यांना धार लावायला शिकायचं. बाईंना लगेच फोन करून सांगितलं. त्यांनी ‘सुऱ्यांना?’ असं तीनदा विचारलं. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

संकल्प: रोज एक तास सराव. आवाज चढवायचा नाही. महिन्याअखेर बायकोच्या पाचही सुऱ्या माझ्या हातच्या.

रात्री ८.
बायकोला सांगितलं. ती एका मोठ्या होस्टेलच्या स्वयंपाकघराची मुख्य आहे, रोज दीडशे ताटं. तिच्या पाच सुऱ्या तिच्या वस्तादाने निवृत्त होताना तिला दिल्या. कॅनव्हासच्या गुंडाळीत असतात. घरात मला त्या गुंडाळीइतका मान नाही. तिचं म्हणणं, जुन्या भाजीच्या सुरीवर खुशाल शिका, पण हात बसेपर्यंत तिच्या पाच सुऱ्या नेहमीच्या धारवाल्याकडेच जाणार. मी हो म्हणालो. हात बसायला असा किती वेळ लागणार?

४ मार्च, बुधवार.
धारेचा दगड आणला. एक बाजू खरखरीत, एक मऊ. पाण्यात भिजवून ठेवायचा, मग पातं त्यावर वीस अंशांत धरून फिरवायचं. बस. व्हिडिओत दाखवणारा माणूस इतक्या मऊ आवाजात बोलतो की ऐकून डोकं फिरतं. त्याच्याकडे रागाने बघताना माझा अंगठा कापला. चूक सर्वस्वी त्याची. लॅपटॉप मिटला. जरा जोरात मिटला. बिजागरी निखळली.

५ मार्च, गुरुवार.
सराव दीड तास. मग टोमॅटोवर टेस्ट. सुरी टोमॅटोवर टेकवली, टोमॅटो चपटा झाला. धारेचा प्रश्नच नाही, टोमॅटो फार पिकलेले होते. हे सिद्ध करण्यासाठी उरलेले पाचही मुठीने फोडून पाहिले. सगळे फुटले. म्हणजे माझंच खरं.
मुलगी कॉलेजातून आली, भिंतीकडे बघून तिने हातातली बॅग टाकून दिली. रक्त नाही गं, टोमॅटो आहे, म्हणालो. थोडं रक्तही होतं, पण ते अंगठ्याचं. तिने फडकं घेऊन भिंत पुसली. वळण चांगलं लावलंय आम्ही.

६ मार्च, शुक्रवार.
सुरी पूर्वीपेक्षा बोथट झाली आहे. हे शक्य नाही. दगड डुप्लिकेट असणार. दुकानदाराला जाब विचारला. तो म्हणाला, दगडाला काही झालेलं नाही, तुम्ही कोन बदलता. त्याच्या काउंटरची काच आधीच तडकलेली असावी, नाहीतर एका बुक्कीत कशी फुटेल?

८ मार्च, रविवार.
बायकोचा धाकटा भाऊ जेवायला आला. मी दगड काढून सराव दाखवला. सुरी हातात घेऊन तो म्हणाला, भाऊजी, हिच्यावर बसून घोडा घोडा खेळता येईल. सगळे हसले. मीही हसलो. मी आता शांत माणूस आहे.
मग शांतपणेच सुरी परत घेतली आणि त्याचं मनगट धरलं. धार चांगली असेल तर हातावरचे केस साफ निघतात, तेवढंच दाखवायचं होतं. त्याने हात ओढला. मी सोडला नाही. तो ओरडला, मी समजावत होतो, खुर्ची आडवी झाली, तो माझ्या अंगावर, मी टेबलाखाली. टेबलाचा पाय मोडला. त्याच्या मनगटावर बोटभर लांब चीर, माझ्या कानाला त्याचे दात.
नंतर विचार केला: रक्त आलं म्हणजे धार होती. प्रात्यक्षिक यशस्वी.
बायको म्हणाली, शिकायचंच असेल तर जो शिकलाय त्याच्याकडे जाऊन बसा. आधी बघा.

१० मार्च, मंगळवार.
धारवाल्याकडे गेलो. मंडईच्या कोपऱ्यात पत्र्याखाली बसतो. सत्तरीचा, वाळकुंडा, पायाने चाक फिरवतो आणि शेवटचा हात दगडावर देतो. मी सांगितलं, मला शिकवा. त्याने स्टूल पुढे सरकवलं. म्हणाला, बसा, नुसता आवाज ऐका. दोन तास ऐकला. सर्र, सर्र, सर्र. प्रत्येक सर्र सारखा. एवढंच? हे तर कोणीही करेल.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी २. ओठ सुजल्यामुळे बोलता येत नाही, लिहिता येतं.
आज तिसरा दिवस. त्याने चाक फिरतं ठेवून एका गिऱ्हाइकाचा सुरा त्यावर धरला होता आणि मला बाजूच्या दगडावर सुरी फिरवायला दिली. दहा हात मारले. तो तसाच बघत होता. मग मासेवाल्या बाई, दोन हमाल आणि एक नारळवाला उभे असताना म्हणाला, "साहेब, तुम्ही सुरीला धार लावत नाही. तिला मारताय."
ते हसले. मी उठलो. स्टूल माझ्या हातात कसं आलं, आठवत नाही. ते चाकावर आपटलं. चाकावरचा सुरा उसळला आणि म्हाताऱ्याच्या तळव्यातून आरपार गेला. दगडातलं पाणी लाल झालं.
मग मासेवाल्या बाईंनी माशांच्या पेटीचं झाकण माझ्या तोंडावर हाणलं. हमालांनी खाली पाडलं. नारळवाला छातीवर बसला. चौघांविरुद्ध एक, हे लिहून ठेवतो. एक दात हलतोय. म्हातारा तळवा काखेत दाबून बसला होता, तोंड पांढरंफटक. तो म्हणाला, सोडा त्याला, त्याला कळत नाही.
मार खाल्ल्याचं काही नाही. हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार.
बायको म्हाताऱ्याला बघायला दवाखान्यात जाऊन आली. नऊ टाके. महिनाभर हात चालणार नाही. तिने मला नेमकं काय झालं ते विचारलं. मी म्हणालो, स्टुलाचा पाय कच्चा होता. ती भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.
मंगळवारी तिच्या होस्टेलला तपासणी आहे. सुऱ्यांना महिनाभर धार नाही आणि आता धारवालाही नाही. म्हणाली, आहेत तशा वापरीन. मग माझ्याकडे वळून: "माझ्या सुऱ्यांना हात लावायचा नाही. ऐकू आलं ना?"
आलं. पण बायका बोलतात एक, मनात वेगळंच असतं. संसाराला चोवीस वर्षं झाली, मला कळतं.

१६ मार्च, सोमवार. दुपारी ४.
बायको मीटिंगला. सुऱ्या घरी. हा योग पुन्हा यायचा नाही.
दगडाने वेळ लागतो हे आता सिद्ध झालंय. मागच्या गल्लीतल्या वेल्डरकडून हँड ग्राइंडर मागून आणला. कशाला हवा, हे त्याने विचारलं. खिडकीचं ग्रिल, म्हणालो. पहिली सर्वांत मोठी सुरी घेतली, कोबी-भोपळ्याची. ठिणग्यांचा पाऊस. कर्कश आवाज. अंगावर काटा येईल असा आनंद. दोन मिनिटांत धार. पातं इतकं तापलं की कडेला निळा रंग आला, मोराच्या पिसासारखा. कागदाला लावायचा अवकाश, कागद दोन तुकडे. इतक्या वर्षांत त्या म्हाताऱ्याने कधी निळा रंग आणून दाखवला?
दुसरी सुरी घेतली. तबकडी फुटली. तुकडा कानाजवळून गेला आणि कपाटाच्या काचेत घुसला. चार बोटं इकडे असता तर डोळा गेला असता. ग्राइंडरला लाथा घातल्या. अंगठ्याचं नख उखडलं, पायाच्या. काचा गोळा केल्या. दोन्ही सुऱ्या पुसून गुंडाळीत जशाच्या तशा ठेवल्या.
सांगणार नाही. उद्या तिला स्वतःलाच कळू दे.

१७ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६.
कळलं.
साडेअकराला मुलीचा फोन, दवाखान्यातून. तपासनीस समोर उभे असताना बायको भोपळा चिरत होती. निळी कड तापल्याने मऊ पडली होती, भोपळ्याच्या सालीवर मुडपली, सुरी घसरली आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत हाडापर्यंत शिरली. अकरा टाके. एक शीर तुटली. डॉक्टर म्हणतात, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्वीसारखं वळेलच असं नाही.
मी गेलो तेव्हा तिला गुंगी होती. बोलायला तोंड उघडलं, पण स्टूल, तबकडी, भोपळा, कशाचंही नाव तोंडात येईना. ती छताकडे बघत म्हणाली, "वस्तादांनी तीस वर्षं वापरली ती सुरी. मी अकरा. तिने कधी कोणाला कापलं नव्हतं."
बाहेर पार्किंगच्या खांबाला धडकलो. हाताने. चार वेळा. खांब सिमेंटचा होता.

१९ मार्च, गुरुवार.
बायको आणि मुलगी मेहुण्याकडे राहायला गेल्या. काही दिवस, म्हणाल्या. तिथून दवाखाना जवळ पडतो. तसा पडत नाही, मी मॅपवर बघितलं. सुऱ्यांची गुंडाळीही नेली. मागे ठेवली फक्त जुनी भाजीची सुरी.
जाताना मुलीने मला विचारलं, बाबा, तुमच्या हातून आम्हाला काही होईल याची तुम्हाला भीती का नाही वाटत? मला प्रश्न कळला नाही. रात्रीपर्यंत कळला.

२१ मार्च, शनिवार.
सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. दगड दोनदा भिजवला. दोन नाणी एकावर एक ठेवून त्यांवर पात्याचा कणा टेकवला, म्हणजे कोन हलत नाही. हात हलका. नुसता आवाज ऐकत राहिलो. दुपारनंतर केव्हातरी तो सारखा यायला लागला. सर्र. सर्र. दिवसभरात एकदाही ओरडलो नाही, काही फोडलं नाही. घरात कोणी नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण मी मुद्दाम धरत नाही.
संध्याकाळी टोमॅटो चिरला. साल फाटली नाही. कागद अर्धा कापला गेला, अर्धा फाटला.
जमलं. मला जमलं. हे तिला दाखवलं पाहिजे. बोलण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

२२ मार्च, रविवार. सकाळी ११.
सगळं जसं घडलं तसं लिहितो.
साडेनऊला मेहुण्याच्या दारात पोचलो. बेल वाजवली. सुरी हातात होती, कारण तीच दाखवायची होती. पिशवीत ठेवायला हवी होती हे आता वाटतंय. आतून कोणीतरी दाराच्या भिंगातून बघितलं आणि एकदम तीन कड्या लागल्याचा आवाज. मी दारातून सांगितलं की मी शांतपणे आलोय, फक्त तिला एकदा बाहेर पाठवा, धार दाखवायची आहे. हे वाक्य नीट निघालं नाही. शेजारच्या घरांच्याही कड्या लागल्या. मी थोडा वेळ दार वाजवलं. मुठीने.
पंधरा मिनिटांत दोन पोलीस आले. एकाने हात पिरगाळून भिंतीला दाबलं, दुसऱ्याने सुरी घेतली. मी दोघांना वीस अंशांचं समजावलं. सुरीवाला पोलीस म्हणाला, गप्प. मग दार उघडलं. मेहुणा, मुलगी आणि मागे बायको, डावा हात गळ्यात अडकवलेला. मुलगी उंबऱ्याच्या आतच थांबली.
पोलिसाने विचारलं, तक्रार द्यायची का, हत्यार घेऊन आलाय. बायको पुढे आली. सुरी उजव्या हातात घेतली, पातं उजेडाकडे धरून कडेवरून नजर फिरवली, अंगठा आडवा फिरवला. तिचा चेहरा मी बघत होतो. गेल्या तीन आठवड्यांत एवढ्या आशेने मी काही बघितलं नसेल.
"लागलेली नाही धार," ती पोलिसाला म्हणाली. "बोथट आहे. याने काही होणार नाही."
पोलिसानेही अंगठा फिरवून बघितला. हसला. वहीत लिहायला लागला: बोथट सुरी, एक.
मी हरकत घेतली. म्हणालो, धार आहे, काल टोमॅटो चिरलाय, साल फाटली नाही. पोलिसाने पेन थांबवलं. म्हणाला, "धारदार लिहू? मग आत्ता आमच्याबरोबर यावं लागेल. बोथट असेल तर इथे सही करा आणि घरी जा."
दाराची फट बारीक होत चालली होती. मी बराच वेळ विचार केला.
मग बोथटच्या खाली सही केली.