मोरीतली राख

झरी, मंगळवार, संध्याकाळ

चार दिवस झाले, मोरीतलं पाणी लवकर जाईना. शेवटी आज मीच जाळी काढून तार घातली. केस निघतील वाटलं, निघाली ओली राख! भांडी तर मी साबणानं घासते. मग राख कुठून?

मग आठवलं. माझ्या हाताच्या भेगा बघून सासूबाई मागं म्हणाल्या होत्या, "साबणानं लय खराब व्हायलेत गं हात." म्हणजे मी शाळेवर गेले की सकाळची निम्मी भांडी त्याच घासायल्यात, चुलीतल्या राखेनं. आणि मी येडी म्हणायले, आजकाल भांडी कमी निघायलीत.

"कशानं तुंबली होती गं?" सासूबाईंनी विचारलंच.

"माझ्याच केसांनी, आत्याबाई."

त्यांच्या नखांतल्या राखेकडं मुद्दाम बघितलं नाही.