कसं, कधी, कुठे

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून १० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय. मला खोलीबाहेर काढलं! माझ्याच नवऱ्याच्या उपचारातून!

अर्धांगवायूच्या झटक्याने ह्यांची वाचा गेली. आता नामं परतलीत, क्रियापदंही — 'चहा दे', 'दार उघड' — पण कसं, कधी, कुठे? त्यातलं अवाक्षर नाही. डॉक्टर म्हणतात, जे यायचं ते ह्याच काही महिन्यांत येईल. आज स्पीच थेरपिस्टने विचारलं, "काका, काकू कशा चालतात?" हे शब्द शोधत होते. मी म्हटलं, "भरभर."

"काकू, तुम्हाला विचारलं नव्हतं. जरा बाहेर बसता?"

माझ्या लेकीहून लहान आहे ती! जन्मभर स्टेनोगिरी केली मी. साहेबांचं वाक्य साहेबांच्या आधी मला कळायचं.

बुधवार, ५ मार्च

कॉन्व्हेंटची मी. इंग्रजी ॲडव्हर्ब झोपेतही ओळखीन, पण मराठी व्याकरणाची पाटी कोरी. ह्यांचे हरवलेले शब्द नेमके कुठले ते कळावं म्हणून लेकीचं जुनं व्याकरणाचं पुस्तक काढलं.

'शांत माणूस' — विशेषण, माणसाबद्दल सांगतं. 'माणूस शांतपणे बसला' — हे बसण्याबद्दल. 'तो वर गेला' यातलं 'वर' क्रियाविशेषण. 'माडीवर गेला' म्हटलं की तेच 'वर' नामाला लगटतं आणि शब्दयोगी होतं. मुलगा हळू चालतो, मुलगी हळू चालते — 'हळू'ला कुणाचं सोयरसुतक नाही. वाटलं, चला, ही जात बदलत नाही. पान उलटलं तर — 'तो चांगला गातो, ती चांगली गाते'! क्रियाविशेषण असून बदलतंय. पुस्तक मिटलं.

शुक्रवार, ७ मार्च

शाळेत सिस्टर खडू कधी चिडून आपटायच्या, कधी चोरून उचलायच्या. कसा, ते आम्ही ओळखायचं. तोच खेळ घरी मांडला. मी दार धाडकन लावलं. "कसं लावलं?"

मी जीभ अक्षरशः दाताखाली धरली. किती वेळ गेला! मग हे म्हणाले, "रागाने."

पुन्हा लावलं. "हळूच." पुन्हा. "उगाच!"

शेजारीण डोकावली. "वहिनी, दार बिघडलंय का?"

"दार धड आहे. ह्यांचं व्याकरण सुधारतंय!"

सोमवार, १० मार्च

थेरपिस्टने विचारलं, "काका, घरी कसं चाललंय?"

"झकास!"

पोरगी टुणकन उठली, डोळे पुसत हसली. मीही. देव तिचं भलं करो. तिला हे तोंडावर सांगितलं नाही — डोक्यावर मिऱ्या वाटेल. पण घरी आल्यावर दोनदा हात जोडले, एकदा देवाला आणि एकदा तिला.

गुरुवार, १३ मार्च

मी दिवे लावत होते. मागून ह्यांचा आवाज. सावकाश, पण सलग, एकही शब्द न गाळता: "तू माझ्याबरोबर सुखाने राहिलीस का गं?"

मी तोंड उघडलं. ह्यांनी हात वर केला.

"आत्ता नको. पटकन बोलशील. लेखी दे — रविवार सकाळपर्यंत."